घरी सगळं ठीक

१२ नोव्हेंबर

कॅप्टनसाहेब,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकू नकोस. अक्षर माझं असलं तरी मजकूर तुझ्या आईचा आहे. लिहिताना तिचं मनगट दुखतं, म्हणून छत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर माझी नेमणूक लेखनिक म्हणून झाली आहे. ती उशांना टेकून सांगते आणि मी खुर्ची ओढून लिहितो. मधे मी पदरचं काही घुसडलं की तिला पेनच्या आवाजावरून कळतं. आत्ताच म्हणाली, "मी चार शब्द सांगितले, तुम्ही एवढं काय लांबण लावलंय?" हा परिच्छेद मी वाचून दाखवताना गाळणार आहे.

आपल्या दोघांत पत्रं नसतात, हे मी विसरलेलो नाही. आईला येणाऱ्या तुझ्या पत्राच्या शेवटी 'बाबांना नमस्कार' असतो, तो मला पोचतो. तुझ्या पासिंग आउट परेडला मी आलो नाही, तेव्हापासून आपलं तेवढ्यावरच भागतं आहे. आज मी ड्युटीवर आहे म्हणून लिहितो आहे, असं समज.

आता आईचा मजकूर.

आम्ही पलंग खिडकीशी हलवला, तिथून बाग दिसते. पांढरा गुलाब या वर्षी लवकर फुलला. लिंबाच्या झाडावर एका पक्ष्याने घरटं केलं आहे आणि आईला पडल्या पडल्या ते दिसतं. शेजारच्या मास्तरीणबाई दुपारी येऊन कादंबरी वाचून दाखवतात, खलनायकाचे संवाद खास आवाज काढून म्हणतात. मोठं हॉस्पिटल आम्ही आतून पाहून आलो. स्वच्छ आहे, कँटीनचा चहा चांगला मिळतो. तिथली एक डॉक्टर तुझ्यासारखेच केस वर बांधते, आईला ती फार आवडली. आईची लग्नातली अंगठी सैल झाली होती, ती आता दोरा गुंडाळल्यावर नीट बसते. बागेतलं गवतही मी कापलं.

आई म्हणते, हेही लिहा: तुझ्या बापाने नव्या कपाटावरसुद्धा नंबर घातला. सरकारी क्वार्टरमधल्या खुर्ची-टेबलांवर पांढऱ्या रंगात नंबर असायचे, बदलीच्या वेळी मोजून परत करायला लागायचं, तुला आठवतच असेल. आता घर स्वतःचं आहे, परत कुणाला काही द्यायचं नाही, तरी माझा हात शिवशिवतो. जित्याची खोड. आई झोपते तो पलंग नंबर सात आहे.

थंडीत कान झाकून घे. बाकी घरी सगळं ठीक.

आई
(लेखनिक: बाबा)

३० नोव्हेंबर

प्रिय डॉक्टर,

हे पत्र आईच्या नकळत लिहितो आहे. मास्तरीणबाई तिला कादंबरी वाचून दाखवताहेत आणि मी स्वयंपाकघरात ओट्यावर कागद ठेवून उभा आहे. डाळ उतू जाणार नाही याकडेही एक डोळा ठेवावा लागतो. पलटण सांभाळणं सोपं होतं, असं मी आता कुणालाही लेखी द्यायला तयार आहे.

मुद्द्याचं सांगतो. काही गोष्टी तुला लिहायच्या नाहीत, असा मला आईचा हुकूम आहे. कारणही तिने दिलं. "ती वर चौकीवर एकटी डॉक्टर आहे. माणसं तिच्या भरवशावर राहतात. तिचं मन इकडे लागलं तर तिकडे कुणाचा तरी जीव जायचा." मी हुज्जत घातली. मग तिने विचारलं, "तुम्ही वर होतात तेव्हा मी तुम्हाला काय काय कळवत होते?" मी म्हटलं, "सगळं कळवत होतीस. दर आठवड्याला पत्र यायचं." त्यावर ती हसली, आणि मला ते हसणं आवडलं नाही.

तर हुकूम मोडता येत नाही. पण जुन्या पत्रांबद्दल लिहायला तिने मनाई केलेली नाही. म्हणून तेवढंच लिहितो. तू शहाणी आहेस, पुढचं तुझं तू बघ.

तिने मला सध्या शिकाऊ उमेदवार म्हणून धरलं आहे. वर जाणाऱ्या पत्राचा तिचा नियम असा आहे: खोटं अक्षरसुद्धा लिहायचं नाही. सगळं खरंच लिहायचं, पण निवडून. वर माणूस पत्र खिशात घालून पहाऱ्याला जातो. खोटं असेल तर त्याला कधीतरी कळतंच, आणि मग तो पुढच्या कुठल्याच पत्रावर विश्वास ठेवत नाही. म्हणून वाईटाच्या आजूबाजूला जे काही बरं सापडेल ते शोधून काढायचं आणि तेवढं लिहायचं. मी पहिल्या दिवशी सरळ 'तब्येत उत्तम' असं लिहिलं होतं, ते तिने खोडायला लावलं.

मला तिची पत्रं जवळजवळ पाठ आहेत, चौकीवर दुसरं वाचायला होतं काय? म्हणून मी तिला एकेक ओळ म्हणून दाखवायला लागलो, आणि ती त्या ओळीच्या मागचं सांगायला लागली.

'क्वार्टरमध्ये इतकी मोकळी हवा येते म्हणून सांगू!' वादळात अर्ध्या छपराचे पत्रे उडाले होते. तू आणि ती दोन रात्री टेबलाखाली झोपलात.

'मी केस कापून टाकले, डोकं कसं हलकं झालं.' विषमज्वर झाला होता, केस मुठीमुठीने गळायला लागले होते. तुला मेजरीणबाईंनी महिनाभर सांभाळलं. मी उत्तरात काय लिहिलं होतं ठाऊक आहे? 'मला लांब केसच आवडतात.' आणि खाली सही.

मग मी सहज म्हटलं, "आणि ते एक पत्र होतं बघ, फार गोड. 'अलीकडे मला झोप छान लागते.'" तिने विचारलं, "ते कुठल्या आठवड्यातलं, आठवतं?"

दिवस गेल्याचं तिने पत्रात कळवलंच नव्हतं; तुझा भाऊ दिवस भरण्याआधी जन्मला आणि लगेच गेला, हे मला रजेवर आलो तेव्हा तिने सांगितलं होतं. त्याला तोवर काही महिने उलटले होते. एका वाक्यात सांगितलं आणि लगेच विचारलं, आंघोळीला पाणी काढू का? मी तिला जवळ घेतलं, पण मनात म्हटलं, ही यातून सावरली आहे, आपण कशाला खपली काढा? त्या बाळाची आणि त्या पत्राची सांगड मी कधी घातलीच नव्हती. परवा घातली. ते पत्र त्याच आठवड्यातलं आहे. डॉक्टर तिला झोपेचं औषध देत होते आणि झोप खरंच छान लागत होती. तिच्याजवळ त्या आठवड्यात लिहिण्यासारखं तेवढं एकच खरं होतं.

आणि मी काय केलं? आम्ही नुकतेच बर्फात गाडल्या गेलेल्या जवानांना बाहेर काढून परत आलो होतो. हे दिवाणखान्यातलं पदक त्याचंच आहे. मी मेसमध्ये सगळ्यांना ते पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. "बघा," म्हटलं, "बायको असावी तर अशी! नवरा इथे गारठतोय आणि ही तिकडे निवांत घोरतेय." सगळे पोट धरून हसले. ते हसणं मला परवापासून ऐकू येतं आहे. पदक मी उतरवून कपाटात ठेवलं होतं, आईने परत लावायला लावलं. म्हणाली, "त्या जवानांच्या बायकांना विचारा, लावायचं की नाही ते."

पलटणीत वाईट बातमी आधी कमांडरच्या हातात येते, मग त्याने ती जवानाला सांगायची, हे आता तुलाही माहीत झालं असेल. मी ती पुष्कळ वेळा सांगितली. तरुण अधिकाऱ्यांना तर मी ते शिकवायचो: आधी त्याला बसवा, हातात चहा द्या, आणि मग पहिल्याच वाक्यात सांगा. दुसऱ्या वाक्यापर्यंत ताणलंत तर त्याला आधी मनातल्या मनात दहा माणसं मारावी लागतात. नंतर गप्प बसा आणि तिथून उठू नका. ही विद्या मला चांगली येते असा माझा लौकिक होता. माझ्या स्वतःच्या घरची बातमी मात्र मला कधी कुणी अशी बसवून सांगितली नाही.

तू आर्मीत जाते म्हणालीस त्या दिवशी मी विचारलं होतं, "तू गेलीस तर मागे कोण राहणार?" तू ताट सरकवलंस आणि म्हणालीस, "तुम्ही राहा. आता तुमची पाळी." मी चिडलो, ते या वाक्यामुळेच. मला वाटलं, तू माझ्या नोकरीची टिंगल करते आहेस. मागे राहणं म्हणजे काय असतं हे तू टेबलाखाली झोपून शिकली होतीस आणि मी कधी शिकलोच नव्हतो, एवढीच त्यात गोष्ट होती.

डाळ शेवटी उतू गेलीच. पत्र बंद करतो.

बाबा

२२ डिसेंबर

प्रिय मुली,

तुझं पत्र कालच्या टपालाने मिळालं. हेलिकॉप्टर बारा दिवस उडालं नव्हतं म्हणतात. मी ते आईला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. तुमचा स्वयंपाकी बर्फ वितळवून चहा करतो आणि त्यात रॉकेलचा वास येतो, यावर ती हसली. पाय सुजलेल्या त्या जवानाला तू बरं केलंस, ते तिने मास्तरीणबाईंनाही सांगायला लावलं. खरं तर त्या शेजारीच बसल्या होत्या आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं.

मग ती ओळ आली. 'सध्या गंमत म्हणून डाव्या हाताने लिहायला शिकते आहे, अक्षर बघून हसू नका.' दोन महिन्यांपूर्वी मी ही ओळ वाचून खरंच हसलो असतो. या खेपेला मी ती गाळली. आवाजात फरक पडू न देता पुढच्या ओळीवर गेलो, आणि मला वाटलं, जमलं.

आई म्हणाली, "पत्र बघू जरा."

मी म्हटलं, "वाचलं की सगळं."

"अक्षर बघायचंय मला तिचं."

द्यावं लागलं. तिने कागद खिडकीच्या उजेडात धरला आणि वेड्यावाकड्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "वळतोय हो छान डावा हात," आणि तोंड भिंतीकडे केलं. मी तिला रडताना फारसं पाहिलेलं नाही. ती रडायची तेव्हा मी तिथे नसायचोच. काय करायचं ते मला कळेना, म्हणून मी पलंगाच्या कडेवर बसून राहिलो.

थोड्या वेळाने तिने तुझी शेवटची ओळ परत वाचायला सांगितली. 'माझ्या जागी दुसरा डॉक्टर फेब्रुवारीत येणार आहे. त्याआधी लागलंच तर मी कमांडरसाहेबांशी बोलू शकते. आईला झोप कशी लागते, एवढंच कळवा.'

 माझं मागचं पत्र तुला पोचलं होतं आणि तू ते बरोबर वाचलं होतंस. पण तो प्रश्न आईसमोर आला होता. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी शाळेतला पोरगा असतो तर कान पकडले असते.

"फितूर झालात," म्हणाली.

"हुकूम मोडलेला नाही," मी म्हटलं. "फक्त जुन्याबद्दल लिहिलं."

"एवढं डोकं ब्रिगेडियर व्हायच्या वेळी चालवलं असतंत तर!" म्हणाली. मग आम्ही दोघंही हसलो. हसताना तिला दुखतं, तरी हसली.

तुझ्या प्रश्नाचं काय उत्तर लिहू, असं मी तिला विचारलं. मला एकच शब्द लिहायचा होता, आणि तो काय हे तिला माहीत होतं. ती म्हणाली, "ये असं लिहू नका. तिथली माणसं तिच्या जिवावर आहेत, इथलं एक माणूस. हिशेब तिचा तिने करायचा. आपण फक्त खरं लिहायचं."

मग तिने शब्द सांगितले आणि मी लिहितो आहे. माझ्या हातून पेन दोनदा सुटलं, म्हणून डाग पडला आहे.

अलीकडे मला झोप छान लागते.

आई

९ जानेवारी

बाळा,

आधी बस. तुझ्या कमांडरला मी सांगितलं आहे की तिला खुर्ची दे, चहा दे, छावणीच्या वायरलेसवरून येणारा हा मजकूर उतरवून हातात दे, आणि तू काही बोलू नकोस.

आई आज सकाळी गेली.

मी इथे आहे. तू वाचून होईपर्यंत मी उठलेलो नाही, असं समज.

सकाळी तिने पडदा सरकवायला सांगितला. मी सरकवला आणि चहा गाळायला आत गेलो. परत आलो तेव्हा तिचे डोळे खिडकीकडेच होते. मी दोनदा हाक मारली. हातातले दोन्ही कप कुठे ठेवायचे ते मला कळेना, मग मी तसाच तिच्याशेजारी बसलो. मास्तरीणबाई आल्या आणि त्यांनी कप माझ्या हातातून काढून घेतले. आमच्या एवढ्या बदल्या झाल्या, दर वेळी सामान तिने बांधलं आणि मी आयता ट्रकपुढे जीप घेऊन निघालो. या बदलीवर ती एकटी गेली आणि मी मागे राहिलो. मला फार वाईट वाटतं आहे, बाळा. याला दुसरं शोभिवंत काही लिहिता येत नाही.

तू निघाली होतीस, हे मला माहीत आहे. छावणीतल्या जुन्या ओळखीने मी परवा तुझ्या कमांडरशी बोललो. पत्र मिळालं त्याच दिवशी तू त्याच्यापुढे जाऊन उभी राहिलीस, खालच्या चौकीतला वैद्यकीय सहायक दोरावरून वर आणायची व्यवस्था तू स्वतः केलीस, प्रत्येक आजाऱ्याचं त्याला समजावून दिलंस आणि मगच सामान बांधलंस, हे त्याने सांगितलं. सांगताना तुझा त्याला अभिमान वाटत होता. तेव्हापासून तू हेलिपॅडवर सामानावर बसून आहेस आणि ढग हटत नाहीत, हेही सांगितलं.

तुझ्या हातून काही चुकलं, असं मनात आणू नकोस. हिशेब तू केलास आणि बरोबर केलास. हवामानावर कुणाचा हुकूम चालत नाही, यात मी छत्तीस वर्षं काढली आहेत.

परवा फोनवरून घरी आलो तेव्हा आई जागी होती. तिने विचारलं, "काय कळलं?"

मी म्हटलं, "ती निघाली."

हे खरं होतं. तिने डोळे मिटले, परत उघडले. "कुठवर आली?"

"हेलिपॅडवर आहे."

हेही खरं होतं. कुठल्या हेलिपॅडवर, ते मी बोललो नाही. ढगांचं बोललो नाही. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. तिला कळलं असणार, तिनेच तर मला शिकवलं होतं. मग माझा हात दाबून म्हणाली, "आता चांगलं जमायला लागलं हो तुम्हाला." त्यानंतर तिने तुझ्याबद्दल काही विचारलं नाही. संध्याकाळभर ती खुशीत होती. तुझी खोली झाडून घ्यायला लावली, उशीचा अभ्रा बदलायला लावला, आणि तुझ्या पलंगावरचा नंबर खरवडून काढा म्हणाली, लेक घरी येतेय, गोदामात नाही. मी काल दिवसभर बसून तो खरवडला. पलंग नंबर सातवरचा तसाच आहे, त्याला माझा हात लागत नाही.

ढग हटतील तेव्हा ये. आईला भेटायला उशीर झाला, पण खोली झाडलेली आहे. मी स्टेशनवर येईन. परेडला आलो नव्हतो, यावेळी अर्धा तास आधी येऊन उभा राहीन, आणि तू कॅप्टन असलीस तरी सलाम मी आधी करणार आहे.

आता एक ऐक. वर जाणाऱ्या पत्राचा नियम तुझ्या आईचा होता. तिला तो पेलत होता, मला पेलत नाही. या घरात पत्र लिहिणारा आणि वाचणारा आता मी एकटाच आहे, तेव्हा नियम मी बदलतो. घरी काहीही ठीक नाही. डाळ करपते, रात्र सरत नाही, आणि तिची अंगठी दोऱ्यासकट माझ्या खिशात आहे. हे सगळं मी लिहिलं, काही निवडलं नाही.

आता तू लिही. तुझ्या उजव्या हाताची किती बोटं शाबूत आहेत?

बाबा